हलला नाही म्हणजे हो म्हणाला

चि. दार्मिन यास अनेक आशीर्वाद.

तुझी कंबर, सूनबाईंचा दमा आणि गच्चीवरची कबुतरं ठीक आहेत असं धरून चालतो. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या सुराबाया शहराकडे येणाऱ्या बसच्या चालकाहाती.

आपला भाऊ कर्सोनो लवंगेच्या झाडावरून डोक्यावर पडला, ते तुला कळलंच आहे. (या वयात शेंड्यावर कशाला? तर म्हणे तिथून समुद्र दिसतो. लहानपणी मलाही दिसायचा.) अतिदक्षता विभागात तो श्वासाच्या यंत्राशी भांडायचा, खोकायचा आणि प्रत्येक खोकल्यागणिक कवटीतला दाब चढे. म्हणून डॉक्टर एन्दाहबाईंनी त्याला गाढ झोपवून स्नायू पार सैल करणारं औषध दिलं, आणि बजावलं, "औषध उतरेपर्यंत पापणीसुद्धा हलणार नाही. त्यावरून काही ठरवू नका."

ठरवू नका म्हटल्यावर आपलं गाव गप्प बसेल? ट्रक भाड्यानं करून, उकडलेल्या शेंगा घेऊन अख्खी आळी भेटीला हजर. एकेक जण आत जाऊन कानाशी क्षमा मागे (रीतच आहे, तिला माझी ना नाही) आणि बाहेर येऊन सांगे, मिळाली, कारण तो काहीच बोलला नाही! शेवटी कर्सोनोच्या बायकोचा, सुमिनाहचा, भाऊ वागिमान, कोंबड्यांच्या सर्दीपासून राज्यकारभारापर्यंत सर्वज्ञ, कानात म्हणाला, "दाजी, इथंच राहायचं असेल तर बोट हलवा. नाहीतर घरी नेतो."

बोट कसं हलणार, कपाळ? पण हा बाहेर येऊन सांगतो, दाजींची इच्छा कळली. घरी मयतीला येणाऱ्यांसाठी मांडव घालायला माणसंसुद्धा पाठवली. यंत्र काढलं तर कर्सोनो फाटकापर्यंतही पोचायचा नाही. सुमिनाह मला विचारते, "भावजी, त्यांच्याच मनात असेल तर?" काय सांगू? गुरुजींनी शिकवलेली डोंगराची कविता म्हणून दाखवली, वरून निश्चल, आतून जागता. वागिमान म्हणाला, म्हातारा भ्रमला.

तुझा थोरला भाऊ,
सुवार्नो

ता. क. खरं काम हे. सुमिनाहला दोन्ही दिरांचा शब्द हवा आहे. मी नाही म्हटलंय. तूही फोन उचलून नाही म्हण. गप्प राहिलास, तर वागिमान तुझाही होकार धरेल.

आणखी ता. क. औषध थांबवलं. आत्ताच कर्सोनो खोकला. डॉक्टरबाई प्रथमच हसल्या. वागिमान म्हणतो, बघा, हो म्हणाले.