पंपाची उचकी आणि तुमचा राहिलेला चहा

तीर्थरूप आईंना,

सूनबाईचा साष्टांग नमस्कार. हा नुसता रीत म्हणून लिहिलेला नाही. सध्या मी बहुतेक वेळ होडीच्या तळाशी पालथी पडून पाइपांच्या क्लिपा आवळत असते, त्यामुळे आठही अंगांना आता दुसरं आसन जमेनासं झालं आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? डाव्या डोळ्यात औषध वेळेवर घालता ना? (उजव्याचं विचारत नाही. त्याला सगळं दिसतं, हे मला अनुभवाने माहीत आहे.) इकडे सगळं क्षेम. तुमचे चिरंजीव शिडाच्या दोऱ्या ओढण्यात आणि आभाळाकडे बघून मान हलवण्यात गढलेले असतात, भूक उत्तम लागते.

पत्रास कारण की, आपल्या होडीत आता पाणी येतं. नळाला म्हणते मी, तळातून नव्हे. ते आधीही येत होतं, पण मागच्या खेपेला त्याच पाण्याचा चहा तुम्ही एक घोट घेऊन सरळ समुद्रात ओतलात, आणि या होडीवर माणसाने पिण्यासारखा चहा मिळेपर्यंत पाऊल ठेवणार नाही असं सांगून दुसऱ्या दिवशी घरी निघून गेलात. (कप माझ्या माहेरचा होता. तो तेवढा तुम्ही परत दिलात, त्याबद्दल आभार.) मला ते लागलं, आई. पत्ती, साखर, उकळी, सगळं तुमच्याच मापाने होतं. पण धक्क्यावर पाचपंचवीस माणसं बघत होती, आणि चहा पाण्याने बिघडला की सुनेने, हे लांबून बघणाऱ्याला कळत नाही. त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं, की हे पाणी मी सुधारणार आणि तुम्हाला पुन्हा इथे आणून बसवणार.

आता होडीतलं पाणी म्हणजे काय प्रकरण आहे ते थोडक्यात सांगते. (थोडक्यात हा शब्द तुमच्या चिरंजीवांचा. ते वाऱ्याबद्दल थोडक्यात सांगायला बसले की वरण करपतं.) आमच्या झोपायच्या फळीखाली टाकी आहे. तुम्ही होडी बघायला पहिल्यांदा आलात, तेव्हा तिचं झाकण उघडून बराच वेळ आत डोकावत होतात, तीच. टाकीतून पाइप पंपात येतो, आणि पंपातून एक फाटा ओट्याकडे, दुसरा न्हाणीकडे जातो. नळ उघडला की पंप आपोआप सुरू होतो, बंद केला की थांबतो. इतका शहाणा पंप. पण तुम्ही गेल्यापासून तो नळ बंद असतानाही मधूनच 'टुर्र' करून गप्प बसू लागला. अगदी उचकी. तुमचे चिरंजीव प्रत्येक उचकीला हातातलं काम ठेवून म्हणायचे, "आई आठवण काढतेय." सुरुवातीला मलाही गोड वाटलं. पण पुढे इतक्या उचक्या येऊ लागल्या, की तुम्हाला तिकडे दुसरं काही कामच उरलं नसावं असं वाटायला लागलं. शिवाय त्यात बॅटरी उतरत होती. नळ बंद असताना पंप चालतो म्हणजे पाणी कुठून तरी निसटतंय, हे मी सांगून पाहिलं. चिरंजीव म्हणाले, तुला भावनाच नाहीत.

मग मी कंबर कसली. शेजारच्या होडीतले डॉक्टर तुम्हाला आठवत असतील. (दातांचे, निवृत्त. तुम्ही त्यांना "तुमचे स्वतःचे दात किती उरले?" म्हणून विचारलं होतं.) ते येऊन पंपाकडे बघून गेले आणि काढून टाकावा असं त्यांचं मत पडलं. जन्माची सवय, दुसरं काय. पण त्यांनी दात बघायचा लांब दांड्याचा आरसा मला देऊन टाकला, आणि त्याचे उपकार मी विसरणार नाही. फळीमागे जिथे डोकं शिरत नाही तिथे तो शिरतो. मी प्रत्येक जोडाला कोरडा कागदी रुमाल गुंडाळला. जो ओला होईल तो चोर, असा साधा हिशोब. सगळी होडी बँडेज बांधलेल्या पेशंटसारखी दिसू लागली. दुसऱ्या दिवशी बघते तर एकही रुमाल ओला नाही. पुन्हा गुंडाळले, पुन्हा सगळे कोरडे ठणठणीत, आणि पंपाच्या उचक्या चालूच. माझी मती गुंग झाली. शेवटी कळलं ते असं, की एक रुमाल नेहमी भिजलेला दिसतो म्हणून चिरंजीव तो काढून टाकत आणि त्या जागी नवा कोरडा गुंडाळून ठेवत. मला मदत म्हणून. मी त्यांना काय म्हणाले ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही. असो. न्हाणीतल्या बेसिनमागचा जोड निघाला. क्लिप गंजून सैल झाली होती.

तो पाइप ओढून काढला, आतून पाहिला, आणि आई, तुम्ही चहा ओतलात ते मला पहिल्यांदाच पटलं. आत हिरवट बुळबुळीत थर होता. एक असा, तर बाकीचे कसे असतील? मी सगळे पाइप बदलायला काढले. नवा पाइप पंपाच्या तोंडावर चढता चढत नाही. टोक कढत पाण्यात बुडवून मऊ करायचं आणि थंड व्हायच्या आत दाबून बसवायचं. (आता मला हे इतकं जमतं, की धक्क्यावरचे दोघंतिघं माझ्याकडून करून घेऊन गेले. सांगायला मला संकोच वाटत नाही.) एकाच ठिकाणी क्लिप आवळायची राहिली, आणि नेमके त्या वेळी तुमचे चिरंजीव वाकून सगळं नीट बसलंय का म्हणून विचारत होते. उत्तर त्यांना पंपानेच दिलं. शर्ट वाळला आहे.

मग टाकी. झाकण उघडून खांद्यापर्यंत हात घालून कोपरान् कोपरा घासला. आत काय सापडलं ते इथे लिहीत नाही. नंतर जंतुनाशक घालून टाकी भरली, प्रत्येक नळाला त्याचा वास येईपर्यंत पाणी सोडलं, मुरू दिलं, आणि मग वास पुरता जाईपर्यंत भरत आणि उपसत राहिले. दंड भरून आले. पण आज नळाखाली पेला धरला तर पाण्याला ना वास, ना रंग, ना चव. पेल्यात पाणी आहे की नाही ते हलवून बघावं लागतं. त्याचा चहा केला. डॉक्टर दोनदा पिऊन गेले. चिरंजीवांनी एक कप संपवून तो पुन्हा पुढे केला. मला रडू आलं, आणि मी ते वाफेवर ढकललं.

तर आता या. वेगळा कप काढून ठेवला आहे. थोरामोठ्यांना नमस्कार आणि लहानांना पापे तुम्हीच माझ्यातर्फे वाटून टाका, माझे हात अजून दुखतात.

तुमची,
सूनबाई

ता. क. टाकीत सापडली ती तुरटीची पुरचुंडी. कापड निळ्या चौकड्यांचं, तुमच्या स्वयंपाकघरातल्या पडद्याच्या उरलेल्या तुकड्याचं, आणि टाका तुमचाच, उलटा आणि बारीक. पाणी शुद्ध व्हावं म्हणून तुम्ही मायेने सोडली असणार. तुरटी विरघळून गेली, कापड तिथे कुजत राहिलं, आणि चहाला जी चव आली ती बव्हंशी त्याची. चिरंजीवांना मी सांगितलं आहे, की टाकी बनवणाऱ्याचं काहीतरी आत राहिलं होतं. पुरचुंडी धुऊन, वाळवून माझ्या शिवणाच्या डब्यात ठेवली आहे.

ता. क. २. खरं मागणं राहिलंच. चिरंजीव धक्क्यावर सगळ्यांना "आम्ही पाइप बदलले" असं सांगत फिरतात. त्या 'आम्ही'तला त्यांचा वाटा भिजण्याचा. तुम्ही याल तेव्हा चहाचा घोट घ्या आणि त्यांच्यासमोर एकदाच म्हणा, की हे पाणी माझ्या सुनेने आणलं. तुम्ही कुणाचं कौतुक करत नाही, हे इतक्या वर्षांत मला ठाऊक झालं आहे. तरी मला ते तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे, धक्क्याच्या तोंडून ऐकून पोट भरत नाही. (शिवणाच्या डब्याला कुलूप आहे.)

ता. क. ३. क्लिप आवळल्यापासून पंप गप्प होता. चिरंजीव मात्र काम करता करता थांबायचे, कान द्यायचे, आणि काल म्हणाले, "आई विसरली वाटतं." आत्ता मी पाकीट चिकटवत होते आणि पंप टुर्र झाला. नळ सगळे बंद आहेत, मी बघून आले. कुठला जोड तेही बहुतेक मला माहीत आहे, आणि पाना हाताशीच आहे. पण चिरंजीव वरची दोरी तशीच सोडून धावत खाली आले, आणि "ऐकलंस?" म्हणाले. तुम्ही येईपर्यंत मी त्या जोडाला हात लावत नाही. बॅटरी उतरायच्या आत या.