जावयाचं वाण

नेपरव्हिल
२९ मे २००७

जावई पाठवायचा तर आधी नीट कळवून पाठवतात, मालिनी. सोबत दोन माणसं, एक कॅमेरा, काठीच्या टोकाला आवाज पकडायचं, मेलेल्या मांजरासारखं केसाळ काहीतरी, आणि दिवे एवढे प्रखर की माझी समई लागली आहे की नाही ते हात लावून बघावं लागलं. बूट घालून आली सगळी, थेट गॅसपर्यंत. तू फोनवर एवढंच म्हणालीस, "आई, मार्सेल येतोय, जरा हसून बोल." कशाला हसायचं ते सांगितलं नाहीस.

असो. चि. सौ. मालिनीस आशीर्वाद. इकडे सगळे आपापल्या जागी आहेत. तुझा भाऊ संजीव सकाळच्या गाडीनं शिकागोला जातो, संध्याकाळी येतो आणि राहिलेला लॅपटॉपमध्ये जातो. सुनेत्रा सून म्हणून बरी आहे, पण पोळ्या विकतच्या आणते. बर्फ संपला. मी बरी आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेव्हा अक्षराला हसू नकोस, सावकाश वाच.

तुझ्या नवऱ्याची तक्रार लिहायची आहे. अजून इथंच आहे. दिवसभर माझ्या पायात पायात करतो. मी पीठ मळते तर हा समोर, मी भाजी निवडते तर हा समोर. बेसमेंटमधलं त्याचं अंथरूण मी वर माझ्या खोलीशेजारी आणून टाकलं. सुनेत्रा म्हणाली, "आई, खाली एवढी मोठी खोली असताना?" म्हटलं, खाली ओल येते. ओल कसली डोंबलाची, खाली कार्पेट आहे.

आणि त्याचं मराठी! दारात उभा राहून मला म्हणाला, "आई, ये, बस, पाय पूस." माझ्याच घरात मला. वीस वर्षं तू त्याच्याशी काय बोलतेस ते मला पाच मिनिटांत कळलं. ऊठ. पुरे. किती वेळा सांगू. जेव मुकाट्यानं. रात्री मी भात कमी घेतला तर मला म्हणतो, "जेव मुकाट्यानं!" सुनेत्रा फ्रीजचं दार उघडून त्याच्यामागं हसत होती. अहोजाहो शिकवलं असतंस तर जीभ झिजली असती का तुझी?

त्याचे धंदे मला ठाऊक आहेत, तू वेळोवेळी फोटो पाठवलेस. आधी जत्रेत विदूषक. मग गाणारा, त्याची एकच तबकडी निघाली. मग तिकडच्या टीव्हीवर दर बुधवारी लहान पोरांसमोर पोपटाची बाहुली घेऊन. मग लोकांना प्रश्न विचारून बक्षिसं देणारा. मग सोडतीचे आकडे काढणारा. मग नकाशापुढं उभा राहून पाऊस सांगणारा, आणि आता लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या ताटात जेवणारा. एवढे धंदे बदलणाऱ्याला आपल्याकडे मुलगी देत नाहीत. तू विचारलंच नाहीस, म्हणून आम्ही दिली नाही.

तर शूटिंगचं ऐक. त्याला अधिक महिन्याचं तूच सांगितलं असणार, की जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात, दिवा ओवाळतात. पीठ माझं तयार होतं. पहिला अनारसा तुपात हसला, पार विस्कटून गेला, कॅमेरावाल्याला तोच आवडला. पुढचे धड उतरले. ताटात मांडले, मधे दिवा ठेवला, जावई पाटावर बसवला आणि ओवाळलं. पहिल्यांदा उंबऱ्यात आलेला जावई, मी नीट ओवाळलं.

तर हा म्हणतो, "परत."

"परत काय?"

"परत, आई. दिवा परत." आणि स्वतःच्या डोळ्याखाली बोट ओढून दाखवलं, रड म्हणून.

म्हटलं, ओवाळलं ते ओवाळलं. देवानं काय पहिल्या वेळी पाठ केली होती? मी ताट उचललं आणि देवापुढं नेऊन ठेवलं. त्या काठीवाल्या पोरीनं मांजर तिथंही आणलं, तेव्हा मी मराठीत जे बोलले ते तिला बरोबर कळलं.

दुसऱ्या दिवशी ती दोघं सामान घेऊन विमानतळावर गेली. हा गेला नाही. बेसमेंटमध्ये कोट घालून बसून राहिला. मला वाटलं, म्हातारीनं कार्यक्रम बिघडवला म्हणून रुसला. रुसू दे म्हटलं. जावई आहे, रुसायचा मान आहे.

मग गेल्या शुक्रवारी दुपारी खाली गेले तर खाली कोणी नाही. सुनेत्राला मीटिंगमधून उठवलं, गाडी काढायला लावली. स्टेशनवर सापडला, बाकावर. घेऊन आलो.

परवा तुझा फोन आला. "शूटिंग कसं चाललंय गं?" मी म्हटलं, "झकास." खोटं बोलले. तो समोर बसून लसूण सोलत होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होता, म्हणून बोलले. त्याला शब्द दिला होता की मालिनीला सांगणार नाही, कुणालाच सांगणार नाही. लिहिणार नाही असं काही मी म्हटलेलं नाही. सुनेत्राला पाकिटावर पत्ता घालायला सांगणार आहे, आत अनारशांची कृती आहे म्हणून.

टीव्हीनं त्याला काढलंय, मालिनी. डिसेंबरातच. कुठलाही कार्यक्रम नाही. कॅमेरावाला त्याचा जुना मित्र, तो मैत्रीखातर आला. याला वाटलं, सासू रडली, दिवा छान दिसला, तर ते बघून लोक परत घेतील. डिसेंबरपासून रोज सकाळी तू त्याला दारातून निरोप देतेस ना, बॅग घेऊन? तो कामावर जात नाही. बागेत जाऊन बाकावर बसतो, थंडीतसुद्धा, आणि तुझ्या जेवायच्या वेळेला घरी येतो. हे त्यानं मला स्टेशनच्या बाकावर सांगितलं, तुझ्याच मराठीत. "आई, टीव्ही पुरे. मालिनी नाही सांग. घर नाही जाऊ."

स्टेशनचं मी वर अर्धंच लिहिलं. आता लिहिते, मग तू बसून वाच.

सुनेत्रा गाडी लावायला गेली होती. आम्ही दोघंच बाकावर होतो. मालगाडी आली, ती इथं थांबत नाही, जोरात जाते. तो उठला. पिवळ्या पट्टीच्या पुढं गेला. मी मागून त्याचा कोट धरला, दोन्ही हातांनी, आणि ओरडले, "किती वेळा सांगू? बस!" बसला. तुझा शब्द होता म्हणून बसला की माझा आवाज, मला माहीत नाही. गाडी जाईपर्यंत मी कोट सोडला नाही. सुनेत्रा आली तेव्हा आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो, तिला काही कळलं नाही. तो का उठला ते मी त्याला विचारलेलं नाही. तूही लगेच विचारू नकोस. काही माणसं नुसतं ऊन बघायलाही उठतात. पण माझा हात अजून दुखतोय.

म्हणून अंथरूण वर. म्हणून लसूण. डोळ्यासमोर ठेवलाय त्याला. पण डॉक्टर करायचा म्हटलं तर संजीवला सांगावं लागणार, आणि ते आज संध्याकाळी मी सांगणार आहे. शब्द मोडला तर मोडला. म्हातारीच्या पहाऱ्यावर माणूस किती दिवस ठेवायचा?

काल एक झालं. तांदूळ निथळत घातले होते, शेजारी तूप कढवायला ठेवलं होतं, तर त्यानं झारा उचलला, त्याला फडकं गुंडाळलं आणि पोपट केला. पोपट मला म्हणाला, "गप्प बस गं! जेव! पाय पूस!" मान अशी वाकडी की खराच वाटावा. मी हसले. एवढी हसले की कढईतलं तूप धुरकटलं. त्यानंच गॅस बंद केला. मग बराच वेळ झारा हातात धरून उभा होता, जणू कोणी तरी आणखी मागेल म्हणून. मी मागितलं. म्हटलं, परत.

पुन्हा पीठ केलंय. तेहतीस अनारसे करून त्याला वाण द्यायचंय. पहिलं देवाला गेलं, त्याचं राहिलं. पण आपल्याकडे जावई एकटा पाटावर बसत नाही, जोडी लागते. अधिक महिना पंधरा जूनला संपतो. पुढचा तीन वर्षांनी. तोवर मी असेन नसेन, त्याची काळजी नाही. तो असायला पाहिजे.

तर ये. तिकिटाचं संजीव बघेल. आल्यावर टीव्हीची चौकशी करू नकोस, डोळे पुसत तर मुळीच येऊ नकोस. दारात त्याला म्हण, पाय पूस. त्याला कळेल.

तुझी आई,
आणि त्याची सासू.

पत्र मिळताक्षणी फोन कर. मी फोनवर येणार नाही, बोलण्यात संजीवलाही मधे घ्यायचं नाही. फोनजवळ मी त्यालाच बसवणार आहे. मी सगळं लिहिलं हे त्याला तू सांगायचंस, आणि येतेस की नाही ते उत्तरही तूच द्यायचंस, त्याला.