कीर्तीच्या कोटावर माझा निःपक्ष अभिप्राय

५ जानेवारी २००४, दुपारी
पार्सल आलं. आत फोटोंचा अल्बम एक, टसरचा कोट एक, कीर्तीचं पत्र एक. हमाली पाच रुपये. अल्बम एकशेवीसचा, असं तिनंच लिहिलंय. एवढ्यात आठ किलो साखर आली असती. पार्सल आधी गोंदियाला फिरून आलं. गोंदिया आमच्या जिल्ह्यातून वेगळा होऊन पाच वर्षं होत आली, पार्सलवाल्याला अजून पत्ता नाही.

पत्र वाचलं. नागपूरला तिच्या कलेक्शनचा शो झाला. यांनी मागावर विणलेलं कापड, शिवण पोरीची. एका दुकानदाराला पसंत पडलं, पण बायका हे घालतील का, अशी त्याला शंका. २४ तारखेला कोट घेऊन बोलावलंय. हो म्हणाला तर कीर्ती तिथंच राहून काम करणार. नाही म्हणाला तर घरी येऊन आसगावचा मुलगा बघणार, शब्द दिलाय. मी चार दिवस कोट घालून खरं-खरं लिहायचं, ते पत्र ती दुकानदाराला दाखवेल. २० पर्यंत कोट परत. पाणी लागू द्यायचं नाही.

मॅट्रिकला मराठीत बासष्ट मार्क होते. रसग्रहण माझ्या हातचं. दहा पानी अभिप्राय लिहीन. संपूर्ण निःपक्ष. आसगावचा विचार मनात आणायचाच नाही. (मुलगा हेमराज. शिक्षक. घरचं धान. चहाशिवाय व्यसन नाही.)

६ जानेवारी
फोटो तपासले.
नंबर एक: बाही एकच. दुसरीचं कापड कुठे गेलं?
नंबर चार: गळा कानापर्यंत. मंगळसूत्र दिसणार कसं?
नंबर सात: बरा आहे. पण किल्ल्या खोचायला जागा नाही.
बाराही पोरींच्या तोंडावर निर्जळी उपास. एवढे चांगले कपडे मिळूनही एकीला हसू नाही.
यांना वाचून दाखवलं. म्हणाले, मी विणलं, पोरीनं शिवलं, आता तू काहून फाडून राहिली? यांना समीक्षा कळत नाही.

९ जानेवारी
अभिप्राय सुरू केला नाही. तीळ निवडायचे होते.
कोट अजून घातला नाही. खांद्याच्या चुण्या पंख्यासारख्या ताठ उभ्या. दिवाळीला यांनीच भाताची खळ दोन हात चढवली होती, म्हणून. मोरीच्या दारातून आडवं जावं लागेल. ही त्रुटी नोंदवली.

१३ जानेवारी
आसगावकरांना सहज चिठ्ठी पाठवली, २६ ला सुट्टी आहे, चहाला या. चहाच. अभिप्रायाशी संबंध नाही.

१६ जानेवारी
हळदीकुंकू. बायकांपुढे अल्बम ठेवला, म्हणजे जनमतही येईल. शेजारच्या सुमनबाई म्हणाल्या, बाई, एकच बाही काहून? दर्जी अर्धे पैसे घेऊन पळाला का? सगळ्या हसल्या. मीही हसले, पण निःपक्षपणे.
पंचफुलाच्या सुनेनं स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं, काकू, नंबर सात केवढ्याले पडन? नवीन सून आहे. तिचं मत धरलं नाही.

१७ जानेवारी
हे सूत आणायला नागपूरला गेले. उद्या एकादशी. कोट घालून देवळात जायचं ठरवलं. तिथं सगळ्या तऱ्हेच्या बायका येतात, खरी परीक्षा.
मग लक्षात आलं. भाताची खळ म्हणजे शिजलेलं अन्न. ते अंगावर चढवून एकादशीला देवापुढे उभी राहू? पोरीनं पाणी नको म्हटलंय खरं. पण जो कपडा पाण्याला भितो, तो रोजचा कसला? हाही परीक्षेचाच भाग.
दुपारी कोमट पाण्यात रिठ्यानं धुतला. पाणी पांढरं झालं.
संध्याकाळी वाळला. खांदे बसले.

१८ जानेवारी, एकादशी
सकाळी घातला. मऊ आहे. चाचणीसाठी दहा मिनिटं आरशासमोर उभी राहिले. चाचणी पक्की व्हावी म्हणून आणखी थोडा वेळ.
देवळात वरून शाल घेतली, थंडी होती. सुमनबाईंनी शाल ओढून पाहिली. म्हणाल्या, वहिनी, गोपाळभाऊचा (म्हणजे यांचा) सदरा घालून आली का वं?
घरी येऊन नंबर बाराच्या, म्हणजे याच कोटाच्या, फोटोशी ताडून पाहिला. पोरीचं सगळं कौशल्य त्या खांद्यांतच होतं. ते मी मोरीत ओतलं.
घाबरायचं कारण नाही. कोष्ट्याची बायको आहे मी, खळ काही नवीन नाही. उद्या द्वादशीला पारण्याचा भात लावीनच, त्यातच दोन मुठी जास्त.

१९ जानेवारी
खळ जास्त झाली. कोट तारेवर वाळवला तो तारेच्या आकाराचाच झाला. दोन्ही हात वर. अंगणात उभा केला तर उभा राहतो.
हे दुपारच्या गाडीनं आले. कोटाकडे बघत ओसरीवर बसले. म्हणाले, बारा दिवस लागले मले हे कापड विणाले. मी देवाचं कारण सांगितलं. म्हणाले, देवाले कायले मधात आणतं? तुले पोरगी घरी पाहिजे, तर सरळ बोलाव ना तिले. कोटाले काहून मारून राहिली?
मी म्हटलं, मी निःपक्ष आहे.
ते जेवले नाहीत. कोट भिजवून पुन्हा खळ चढवायला बसले.

२० जानेवारी
एसटीडी बूथवर गेले. तीन आकडे फिरवले आणि परत आले. तिचा आवाज ऐकवला नसता.
दहा पानांचं एक कार्ड झालं. नक्कल ठेवते:

चि. कीर्तीस अनेक आशीर्वाद. कोट मी धुतला. तू नको म्हटलं होतंस. मग खळ घातली, तीही बिघडली. तुझ्या बाबांनी दोनदा करून पाहिलं, डावा खांदा उभा राहतो, उजवा राहत नाही. शिवण्यात काही चूक नाही, चूक माझी, हे त्या दुकानदाराला दाखव. घालता येतो का, असं तू विचारलं होतंस. येतो. मी एकादशीला सकाळी घातला तो दीड तास काढला नव्हता, भाजीवाली हाक मारून गेली तरी. हेही दाखवायचं तर दाखव. आसगावचे लोक २६ ला येणार आहेत, मीच बोलावले. तुला न विचारता बोलावले. त्यांना काय सांगू ते मला सुचत नाही. २४ ची तारीख पुढे ढकलून मिळते का? कोट असाच पाठवू की नको? तू रागावली असशील तर तसं लिही, पण उलट टपाली कळव.