होआकिनचं नाव लिहिणारा हात

कोल्हापूर,
मंगळवार, १२ मार्च २०२४

दाजींना विजयसिंहचा नमस्कार, आक्कालाही. शाहूवाडीची हवा मानवली असेल आणि बनाबाई आत्या तुम्हाला रोज अंडी खाऊ घालत असतील, असं धरून चालतो. प्लास्टर काढलं का? बोटं वळतात का? ब्रश धरता येतो का? फोनवर विचारलं असतं, पण फोनवर मी सुटलो की थांबत नाही आणि कामाचं तेवढं राहून जातं.

इकडची खबर म्हणजे आपली तालीम फुटबॉलच्या सेमीफायनलला हरली. आपला परदेशी खेळाडू होआकिन परवा पराग्वेला परत गेला. जाताना तालमीच्या भिंतीवर तुम्ही काढलेल्या त्याच्या चित्राशेजारी उभा राहून फोटो काढून घेतला, आईला दाखवायला. तीन महिन्यांत आपलं नाव बरोबर लिहिणारा एकच माणूस भेटला, असं म्हणाला.

दाजी, मला ते लागलं. महिनाभर मी माईकवरून "जोआक्विन, जोआक्विन" ओरडत होतो. पंधरा वर्षं कॉमेंट्री करतोय, मला कोण शिकवणार? तुम्ही मात्र रंगाचा डबा खाली ठेवून त्यालाच विचारलंत, चार वेळा म्हणून घेतलंत आणि हातभर अक्षरांत "होआकिन" लिहून मोकळे झालात. खालच्या गल्लीच्या तालमीतले भिंत वाचून मला डिवचायला लागले. "रंगाऱ्याला कळतंय त्ये तुला कळंना व्हय रं?" मी तुम्हाला म्हटलं, पुसा ते. तुम्ही शिडीवरून खाली न बघताच म्हणालात, "नाव त्येचं हाय. तुझं न्हाय."

मग तो रविवार. खालच्या गल्लीची रॅली आली, तुमच्या भिंतीवर शेणाचा गोळा बसला आणि पेटलं. झेंड्यांच्या काठ्या उलट्या झाल्या. दगड, चपला, बाटल्या, हाताला येईल ते. आपल्या हंबीररावचं डोकं फुटून रक्त कानात उतरलं तरी तो हाणतच होता. मीही हाणत होतो, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. तुम्ही तेवढे भांडणाकडे पाठ करून फडक्याने ओल्या रंगावरचं शेण टिपत होता.

दवाखान्यात हात बसवून भूल उतरल्यावर तुम्ही विचारलंत, "कोण हुतं रं?" मी म्हणालो, रफिक. खालच्या गल्लीचा, हातात काठी घेऊन जवळच उभा असलेला, सगळ्यांना पटण्यासारखा. उजवा हात प्लास्टरमध्ये होता म्हणून जबाबावर तुम्ही डाव्या हाताचा अंगठा दिलात, तोही माझ्या शब्दावर. तेव्हापासून रफिक आत आहे, सात आठवडे झाले.

काल त्याची आई, सलिमाचाची, दारात आली. शिव्या देईल म्हणून मी तयारीत होतो. तिने एवढंच विचारलं, "तू तितंच हुतास न्हवं? तू बगितलंस न्हवं?" मी व्हय म्हणालो. "मग आसंल बाबा," म्हणाली आणि गेली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, दाजी.

रफिक नव्हता. लोखंडी पाइप माझ्या हातात होता. गर्दीत चुकून लागला असं लिहायचा फार मोह होतो, पण समोर तुम्ही आहात हे मला दिसत होतं. पहिला फटका खांद्यावर बसला. तुम्ही वळून न बघता हात वर केलात. दुसरा मी त्याच हातावर, नेम धरून मारला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि पाइप गटारात टाकून दुसऱ्या कुणावर तरी धावून गेलो.

आज सकाळी पोलिसांत जाऊन हे सगळं सांगितलं आणि सही केली. साहेब कागद पुरे करतायत, तोवर बाकावर बसून लिहितोय. हंबीरराव पत्र टाकेल. रफिक दोन-चार दिवसांत सुटेल, असं वकील म्हणतो. तो सुटला की तुम्ही त्याची माफी मागायला जाऊ नका, ते माझं काम आहे. मला जामीन राहू नका. आक्काने हट्ट धरला तरी नाही.

आणि आक्काला तुम्हीच सांगा. अख्ख्या स्टेडियमला ऐकू जाईल असा आवाज आहे माझा, पण तिच्यापुढे तो फुटणार नाही.

तुमचा हात मोडणारा,
विजयसिंह