‘आई जेवत नाही’ला पैकीच्या पैकी

सर,

एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे आणि ती ऐकून घेईल असं दुसरं कोणी उरलेलं नाही. आमच्या कार्यालयातला चहा बदलला. माजिवडा नाक्यावरून एक गृहस्थ दुपारी किटली घेऊन वर यायचे, आलं ठेचून घातलेला चहा असायचा. आता त्या जागी यंत्र उभं आहे. बटण दाबलं की ते आधी गुरगुरतं, मग विचारात पडतं, आणि शेवटी गरम पाण्याला चहाची पुसट ओळख करून दिल्यासारखं काहीतरी ओततं. आमची कंपनी विकली गेली, त्यानंतर डोळ्यांना दिसलेली ही पहिली सुधारणा.

विकली गेली म्हणजे काय, ते सांगतो. तुम्ही होतात तेव्हा काही अडलं की अर्धी गल्ली तुमच्याकडे यायची. आता लोक फोनवर प्रश्न लिहितात आणि शोधयंत्र जगभरची पानं चाळून उत्तर पुढे ठेवतं. पूर्वी ते नुसता शब्दाला शब्द जुळवायचं. ‘घर’, ‘घरात’, ‘घराला’ ही त्याच्या लेखी तीन अनोळखी माणसं. ठाण्यात बसून आम्ही काही जणांनी त्याला मराठी विभक्ती समजावणारं तंत्र तयार केलं. तुमच्याकडे घोटलेली संस्कृत रूपं घेऊन मी त्यात शिरलो. संस्कृतावर पोट भरता येतं हे ऐकून तुम्ही चष्मा पुसला असता. शोधयंत्रं चालवणाऱ्या बड्या कंपन्या असलं तंत्र स्वतः घडवत बसत नाहीत, घडवणाऱ्यांनाच विकत घेतात, खुर्च्या-माणसांसकट. आम्हालाही घेतलं. मग काम असं झालं: समोर प्रश्न येतो, उत्तर येतं, ते विचारणाऱ्याच्या किती उपयोगाचं याला आम्ही गुण द्यायचे, आणि त्यावरून यंत्राने शिकायचं. पुढे त्यांनी आणखी एक कंपनी घेतली. तिचं तंत्र म्हणे शब्दांमागचा अर्थच ओळखतं. आमच्याच गुणांवरून शिकून आता तेही गुण देतं, आणि आमचे गुण त्याच्याशी जुळतात का, हे वरचे लोक तपासतात. ज्याचे जुळत नाहीत त्याला घरी पाठवतात. विद्यार्थ्याने मास्तरांचे पेपर तपासायचे, आणि मास्तर नापास झाले तर त्यांनी घरी जायचं.

मला डोंबिवलीतलं तुमचं स्वयंपाकघर आठवतं. बाहेरच्या खोलीत पाहुणे असले की शिकवणी आत भरायची; काकू मेथी निवडतायत, आम्ही भिंतीला टेकून. तुम्ही स्वतः रचलेलं एक वाक्य देता. संध्याकाळी म्हातारी मुलाला म्हणते, दिवा लावू नकोस, मला सगळं दिसतंय. मी उठून अन्वय लावतो, कर्ता, कर्म, विभक्ती, काही चुकत नाही, आणि ऐटीत अर्थ सांगतो: म्हातारीची दृष्टी उत्तम आहे. तुम्ही काही बोलायच्या आत काकू मेथीतून मान वर न काढता म्हणतात, “अरे, ती रडली असेल. मुलाने तोंड बघू नये म्हणून म्हणतेय.” तुम्ही माझ्याकडे बघता. “अर्धा गुण. तोही विभक्तीचा. म्हातारीकडे तू बघितलंसच नाहीस.” मी दोन दिवस फुगून बसलो होतो. बाकीचा अर्धा गुण नक्की कुठे असतो, हे तुम्ही कधी फोड करून सांगितलं नाहीत.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी होती, आंबिवलीची. मला ‘सर’ म्हणायची; तुम्ही हसाल, पण मी तिला थांबवलं नाही. एकदा दोघांसमोर एकच प्रश्न आला. कोणीतरी लिहिलं होतं, आई जेवत नाही. जुनं यंत्र असतं तर त्याने शेजारची खानावळ दाखवली असती. नव्याने वृद्धांची भूक मंदावण्याची कारणं दिली, काय करावं ते दिलं, डॉक्टरांना कधी दाखवावं ते दिलं. मी पैकीच्या पैकी दिले. तिने जवळजवळ शून्य.

“अगं, यात चूक काय आहे?”

“चूक नाहीये ओ सर. माझी आई आजारी होती ना, तेव्हा मी पण हेच टाकलेलं. सगळं करून झालेलं हो. डॉक्टर पण झालेले.”

“मग तुला काय हवं होतं?”

“ते नाही माहीत. पण हे नको होतं.”

“‘हे नको होतं’ असा रकाना नाहीये इथे.”

“तेच बोलतेय ना मी,” ती म्हणाली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली.

महिनाअखेरीस वरचे साहेब पडद्यावर आले. माझं यंत्राशी सगळ्यात छान जुळतं, म्हणाले. तिच्या गुणांना काही धरबंध नाही, म्हणाले. ती कपाटातला डबा पिशवीत भरत होती. “छत्तीस गुण जुळले सर तुमचे. आता करा संसार.” मी हसलो. तीही हसली, माझ्यापेक्षा थोडी कमी. साहेबांना फोन करून दोन शब्द सांगावेत असं मनात आलं, पण सांगणार काय होतो? तिचं बरोबर होतं, असं मला वाटत असतं तर सांगितलं असतं.

ती गेल्यावर मी तो प्रश्न पुन्हा उघडला. यंत्राचे गुण झाकून ठेवले आणि ते उत्तर सावकाश वाचलं, तुम्ही वाचायला लावायचात तसं. काहीतरी खटकेल म्हणून वाट बघितली. काही खटकलं नाही. पुन्हा पैकीच्या पैकीच दिले असते. यंत्र माझ्याकडून शिकलं की मी यंत्राकडून, हे आता कोणाला विचारावं?

परवा घरी बायको म्हणाली, “आज काही करावंसंच वाटत नाहीये.” मी तिला कारणं सांगितली. झोप अपुरी, पित्त, हवेतला दमटपणा. सगळी पटण्यासारखी होती. तिने ऐकून घेतलं, “बरं,” म्हणाली आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. तिच्या मागे जाऊन काय विचारायचं असतं, ते मला सुचलं नाही.

हे पत्र वहीतच राहील. नोकरी जाईल अशी धास्ती नाही, सर, ती राहील असं दिसतंय. बोलणारं माणूस समोर असतं, शब्द सगळे कळतात, आणि ते काय म्हणतंय ते मला कळेनासं झालंय.