गोदामाकडे वळणारा रूळ

॥ श्री ॥
ता. ४ मार्च

चि. भावजींस वहिनीचे अ. उ. आशीर्वाद.

काल घरात आलेलं सामान: खेळण्यातलं इंजिन एक, डबे चार, रूळ दोन डझन, एकूण तीनशे दहा रुपये. पोर कोण, तर तुमचे दादा! कारखाना पाडल्यापासून भिंतीकडे बघत बसायचे. आता जेवणाच्या टेबलावर तोच कारखाना उभारतायत. आम्ही जमिनीवर जेवतो. पुठ्ठ्याची गोदामं झाली, चिमणी झाली, पण सगळं कसं लग्नाच्या मांडवासारखं नवंकोरं. त्यात गोदामाचा रूळ कुठून फुटायचा ते आठवेना. आत बसून कारकुनी केलेला माणूस! काल वैतागून म्हणाले, माळ्यावर टाक सगळं. मी हलवलं नाही.

तिथलं इंजिन तुम्ही चालवायचात. संपात हे बाहेर बसले आणि तुम्ही कामावर गेलात, त्याला नऊ वर्षं झाली. हे अजून तुमचं नाव काढत नाहीत. तरी मी आपली सहज विचारते, कळवा.

तुमची वहिनी

ता. १० मार्च

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

रुळांची चौकशी तुम्ही आणि सहज! असो. कारखाना धुतलेला कधी होता? भिंतींना काजळी हवी. रुळांच्या कडा गंजक्या, माथा मात्र लखलखीत, रोजची चाकं फिरायची ना. माल उतरायचा तिथे तेलाचे डाग. गोदामाचा रूळ वजनकाट्याअलीकडे, डाव्या हाताला फुटायचा.

दादा जेवतो ना नीट? मी विचारलं म्हणू नका.

आपला, धाकटा

॥ श्री ॥
ता. १७ मार्च

चि. भावजींस अ. उ. आशीर्वाद.

देवापुढच्या दिव्याची काजळी वाटीत धरून दिली. ह्यांनी ती बोटानं भिंतींना फासली, नाकालाही. गंजाला विटेची भुकटी लावली. परवा खिडकीतून ऊन पडलं, तर मला क्षणभर भोंगा ऐकू येईलसं वाटलं.

तुमचं पत्र मी देव्हाऱ्याजवळ उघडंच ठेवलं होतं. ह्यांनी तीनदा वाचलं. रूळ डाव्या हाताला जोडला, तर डबे थेट चिमणीवर! मग उसळले: डावा हात कुणाचा? गोदामाच्या दारात उभ्या माणसाचा, की इंजिनात बसलेल्या त्या शहाण्याचा? मी म्हटलं, पत्रानं विचारते. तर म्हणाले, पत्रबित्र नको, त्यालाच येऊन जोडू दे.

नऊ वर्षांत पहिल्यांदा, भावजी.

रुळाचा तेवढा एक तुकडा ह्यांनी चिकटवलेला नाही. टेबल काही मोकळं होणार नाही, तिसरं ताट जमिनीवरच मांडीन. कोणत्या गाडीने येता ते उलट टपाली कळवा.

तुमची वहिनी