विद्यमान अध्यक्ष

१२ जानेवारी २०२५, रविवार

गोठा झाडून झाला होता, चुलीवर पाणी चढवलं होतं आणि मी परातीत ज्वारीचं पीठ मळत होते. हे ओट्यावर बसून मंडळाची घटना लिहीत होते. तिथूनच ओरडून विचारलं, 'सोबती'तल्या 'ती'ला वेलांटी पहिली की दुसरी? मी तेव्हा नुकती वाचायला शिकले होते, तेही त्यांच्याचकडून. पण ठासून सांगितलं, दुसरी. त्यांनी आधीची खोडून दुसरी दिली. 'सोबती वाचक मंडळ' या नावात एक वेलांटी माझी आहे. हे कोणाला सांगितलेलं नाही. इथे लिहून ठेवते.

त्याला सत्तावीस वर्षं झाली. मंडळ अजून चालू आहे. दर रविवारी दुपारी तीनला आमच्या ओट्यावर सभा. एकूण सभासद एकेचाळीस. आज हजर तीन. मी सचिव. लीलाबाई, पूर्वी अंगणवाडी सेविका. बाबाराव, निवृत्त एसटी कंडक्टर, नेरहून सायकलने येतात. बाकीचे गैरहजर. अध्यक्ष रजेवर.

सभेनंतर अर्पिता आली. माझ्या पुतण्याची, संजयची मुलगी. गेल्या वर्षी बारावीत तांड्यात पहिली आली, तेव्हापासून घरी बसून आहे. तिने मोबाईलवर दाखवलं. पुण्याची एक संस्था आहे. मुलींना तीन वर्षं ठेवून घेते, कॉलेज करवते, लीडरशिपचं ट्रेनिंग देते, सगळं स्कॉलरशिपवर. पण मुलीने स्वतः अर्ज करायचा नाही. ज्या 'समविचारी' संस्थेशी त्यांची पार्टनरशिप होईल, तिने एक नाव पाठवायचं. अर्पिता म्हणाली, दादी, आपलं मंडळ आहे ना.

संजयने सांगून ठेवलंय. पुण्याचं झालं तर जाऊ देतो. नाही तर उन्हाळ्याच्या आत पाहुणे बघायला येतील.

शेवटची तारीख १५ फेब्रुवारी. म्हणजे महिना आहे. संकल्प: आठ दिवसांत काम संपवणे.

१४ जानेवारी, मंगळवार

फॉर्म अर्पिताने कागदावर उतरवून दिला. सतरा प्रश्न. मी बारा एका बैठकीत लिहिले.

'आपण आजवर कोणत्या समविचारी संस्थांबरोबर काम केलं आहे?' लिहिलं: भजनी मंडळ (आमची सतरंजी नेतात), महिला बचत गट (आमची सतरंजी नेली), नेरचं तालुक्याचं वाचनालय (पत्रव्यवहार आहे). पत्रव्यवहार म्हणजे यांनी त्यांना दोन पत्रं लिहिली होती. उत्तर आलं नाही, पण दोन पत्रं हा व्यवहारच झाला.

'आपल्या संस्थेने घडवलेले नेते?' अमरसिंग, उपसरपंच. लहानपणी पेपरमिंटसाठी का होईना सभेला बसायचा. त्याला विचारलेलं नाही, पण घडला तो आमच्याच ओट्यावर.

'अध्यक्ष' या शब्दापुढे रेघ होती. तिथे लिहिलं, 'आहेत'.

१६ जानेवारी

वामनराव, ज्यांच्या वावरात आम्ही बाया कामाला जातो, त्यांना पार्टनरशिपबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, भागीदारी म्हणजे बटईनं का, अर्धं-अर्धं? मी म्हणाले, तसंच थोडंफार. त्यांनी विचारलं, मग अर्धं काय करता? मी म्हणाले, विचार. ते बैल सोडायला निघून गेले. शेतकरी माणसाला हे लवकर कळणार नाही.

१९ जानेवारी, रविवार

हजर तीन. फॉर्म वाचून दाखवला. लीलाबाईंना सगळा आवडला. बाबारावांनी चष्मा लावून परत वाचला आणि 'आहेत'वर बोट ठेवून बसले. मग त्यांनी सभेची वही मागितली आणि मागची पानं चाळली. यांना जाऊन येत्या चैत्रात तीन वर्षं होतील. दर रविवारच्या नोंदीत मी लिहिलंय, 'अध्यक्ष रजेवर असल्याने सभेचं काम सचिवांनी पाहिलं.' खोटं काही नाही. काम मीच पाहिलं.

बाबाराव म्हणाले, "वैनी, एवढी रजा मंजूर कोनं केली?"

एसटीत राहिलेल्या माणसाला रजेशिवाय काही दिसत नाही. मी विषय चहावर नेला.

२३ जानेवारी, गुरुवार

फॉर्म गेला. अर्पिताने पाण्याच्या टाकीवर चढून पाठवला, तिथे रेंज असते. संकल्पापेक्षा तीन दिवस उशीर. मधे कापसाची शेवटची वेचणी होती, तो दोष माझा नाही.

रात्री हिशोब मांडून पाहिला. अर्पिता पुण्याला, मग दर वर्षी तांड्यातली एक मुलगी, मग नेरचं वाचनालयसुद्धा उत्तर देईल. यांनी असंच काहीसं ठरवलं होतं. त्यांच्या डोक्यात मुलीच होत्या की पुस्तकं, ते आता विचारता येत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी २

व्हिडिओ कॉल झाला. माझ्या मते उत्तम.

पुण्याहून प्रेरणाताई नावाच्या बाई बोलल्या. वयाने लहान, पण नीट ऐकून घेतात. मंडळ कसं चालतं ते सगळं सांगितलं. एकेचाळीस सभासद सांगितले. वेलांटीचं नाही सांगितलं. मग त्यांनी विचारलं, अध्यक्षांचं नाव काय?

मी यांचं नाव कधी तोंडाने घेतलेलं नाही. चाळीस वर्षांत नाही. घरात 'हे', बाहेर 'राजकुमारचे बाप'. राजकुमार म्हणजे आमचा मुलगा, नागपूरला असतो. दवाखान्यात कागदावर नाव विचारलं तेव्हाही लीलाबाईंनी सांगितलं. प्रेरणाताईंना राजकुमारचे बाप म्हणून भागलं नसतं. म्हणून मी मोबाईल हातात घेतला, भिंतीपाशी गेले आणि फोटोसमोर धरला.

बाई बराच वेळ हलल्या नाहीत. मला वाटलं नेटवर्क अडकलं. अर्पिताने माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि बाहेर जाऊन बोलत राहिली. नंतर माझ्या लक्षात आलं की फोटोला हार आहे.

तरी फोटोचा परिणाम चांगला झाला असावा. बाईंचे डोळे भरलेले दिसत होते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मेल आला. आमचं सातत्य त्यांना आवडलं. पार्टनरशिपला त्यांची तयारी आहे. सांगितलं होतं ना.

फक्त एक कागद कमी आहे. मेलमध्ये लिहिलंय, 'पूर्वीच्या अध्यक्षांच्या निधनाची नावासह नोंद व विद्यमान अध्यक्षांची निवड, असा ठराव सभेच्या वहीत सचिवांच्या हस्ताक्षरात लिहून त्याचा फोटो १५ फेब्रुवारीपर्यंत पोर्टलवर टाकावा.' तो आला की करार, आणि करार झाला की अर्पिताचं नाव यादीत.

म्हणजे एक ओळ. सतरा प्रश्न लिहिले तिथे एक ओळ काय.

'विद्यमान' शब्द कोशात पाहिला. सध्या असलेला. पुढे दुसरा अर्थ दिला होता, हयात. तो वाचायला नको होता.

९ फेब्रुवारी, रविवार

हजर चार, अर्पिता धरून. बाबारावांनी मसुदा तोंडी सांगितला. 'अध्यक्ष कै. अमुक अमुक यांच्या निधनाने रिक्त झालेल्या जागी रुपीबाई यांची एकमताने निवड.' रुपीबाई म्हणजे मी. म्हणाले, मीच लिहून टाकतो. मी वही दिली नाही. वहीत लिहिण्याचा अधिकार सचिवाचा, घटनेचं कलम सहा. मेलमध्येही तसंच म्हटलंय.

मी घटना काढून पुन्हा वाचली. अध्यक्षाने राजीनामा दिला तर काय करायचं ते आहे. सलग तीन सभांना आला नाही तर काय, तेही आहे. अध्यक्ष वारला तर काय, ते कुठेच नाही. तेव्हा हे चौतीस वर्षांचे होते. सुचलं नसावं.

मी सभेत सांगितलं की घटनेत तरतूद नाही, तेव्हा विचार करावा लागेल. लीलाबाई म्हणाल्या, विचार करा, पण पंधरा तारखेच्या आत करा. ठरलं. उद्या लिहिणार.

१० फेब्रुवारी

पेन चालत नाही.

११ फेब्रुवारी

नवं पेन आणलं. शाई निळी निघाली. वही सगळी काळ्या शाईत आहे. मंडळाची शिस्त पाहिली पाहिजे.

१२ फेब्रुवारी

संजय आला होता. विचारलं, काकी, पुण्याचं कुठपर्यंत आलं? मी सांगितलं, झाल्यातच जमा. तो म्हणाला, दिग्रसचे पाहुणे विचारून राह्यले, त्यांना काय सांगू? मी म्हणाले, थांबायला सांग. तो गेल्यावर वही काढली. तूर झोडायची राहिली होती म्हणून परत ठेवली.

१३ फेब्रुवारी. सकाळी

पेपरच्या कडेला सराव केला. 'कै.' एवढं लिहिलं. टिंब चुकून पुसट आलं होतं. त्याच्यापुढे री काढली, कैरी झालं. कैरी चांगली दिसत होती. ती तशीच ठेवली.

१४ फेब्रुवारी

उद्या शेवटची तारीख. पण तारीख रात्री बाराला बदलते. म्हणजे उद्याचा अख्खा दिवस हातात आहे. तीनला तातडीची सभा बोलावली. सगळ्यांना निरोप दिला. एकेचाळीस जणांना नाही, दोघांना.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस लिहिलं नाही. आता जे झालं ते सरळ लिहिते.

१५ तारखेला सेवालाल महाराजांची जयंती होती. सगळा तांडा झेंड्यापाशी होता, नगारा वाजत होता. तरी लीलाबाई आणि बाबाराव बरोबर तीनला आले. अर्पिता मोबाईल चार्ज करून दाराशी उभी राहिली. मी वही उघडली, तारीख घातली, काळ्या शाईचं पेन घेतलं.

'मंडळाचे अध्यक्ष' एवढं लिहिलं. मग 'राजकुमारचे वडील' लिहिलं. बाबाराव म्हणाले, पुण्याले राजकुमार कोन माहीत आहे? खोडलं. मग 'संस्थापक' लिहिलं. मग 'ज्यांनी हे मंडळ काढलं ते'. तेही खोडलं. पान खराब झालं म्हणून नवीन पान घेतलं. तारीख परत घातली. चहा झाला. कोणी घाई केली नाही. मला वाटतं कोणी घाई केली असती तर बरं झालं असतं. अर्पिता मोबाईलची काच ओढणीने पुसत राहिली.

बाबारावांनी परत विचारलं, मी लिहू का? मी परत कलम सहा सांगितलं.

शेवटी लीलाबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. त्याही विधवा आहेत, अकरा वर्षं झाली. त्या म्हणाल्या, "अवं, मी पन घेत नाही मालकाचं नाव. पन माह्या नाव न घेण्यानं कोन्या पोरीचं अडून नाही राह्यलं."

मग मी लिहिलं. 'मंडळाचे अध्यक्ष कै. धावजी यांचे निधन झाले असून.' 'असून'पर्यंत एका दमात लिहिलं. पुढचं सोपं होतं. अक्षर बरं आलं. धावजीमधल्या 'जी'ला वेलांटी दुसरी दिली, कोणाला न विचारता.

बाबारावांनी सही केली, लीलाबाईंनी केली. अर्पिताने फोटो काढला आणि टाकीकडे पळत गेली. पाच वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

ती परत आली तेव्हा पळत नव्हती. पोर्टल पाचला बंद झालं होतं. शेवटच्या तारखेपुढे बारीक अक्षरात 'सायं. ५ पर्यंत' लिहिलेलं होतं. अर्पिताला ते माहीत होतं, तरी ती पळाली होती. तिने मला दोनदा सांगितलं होतं म्हणे. सांगितलं असेल. मी तारीख बाराला बदलते असं धरून बसले होते.

प्रेरणाताईंना फोन लावला. शनिवार असूनही त्यांनी उचलला. त्यांना वाईट वाटलं, हे आवाजावरून कळत होतं. म्हणाल्या, यादी आपोआप बंद होते, त्यांच्याही हातात नाही. पार्टनरशिप मात्र होईल. पुढच्या वर्षीपासून आम्ही त्यांचे समविचारी. मी त्यांचे आभार मानले. फोन ठेवल्यावर अर्पिताला म्हणाले की पुढच्या वर्षी तुझंच नाव पहिलं.

अर्पिता म्हणाली, "मले माहीत होतं दादी, तू लिहशीन. पाचच्या आंदी लिहशीन का, तेवढं माहीत नव्हतं."

रागाने म्हणाली नाही.

मग संजय जयंतीचा प्रसाद घेऊन आला. सगळ्यांच्या हातावर लापशी ठेवली. वही उघडीच होती, ती त्याने वाचली, काकांचं नाव वाचून डोक्याची टोपी काढली आणि परत घातली. पुण्याचं त्याने विचारलंच नाही. जाताना दारात थांबून म्हणाला, दिग्रसवाल्यांना होळी झाल्यावर या म्हणून सांगतो. अर्पिता त्याच्या मागोमाग घरी गेली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी मी अर्पितासोबत वामनरावांच्या वावरात हरभरा सोंगायला गेले. तीनला ओट्यावर आले नाही, दिवस मावळेपर्यंत तिथेच होते.